कैद्याचा शिधा आणि राष्ट्राचे सुख

इ. स. १८७६ च्या फेब्रुवारी महिन्यात मुंबईस ईस्ट इंडिया असोसिएशनच्या शाखेपुढे दादाभाई नवरोजींनी हिंदुस्थानच्या दारिद्र्यावरील आपला निबंध वाचावयास घेतला, तेव्हा श्रोत्यांपैकी कोणी रसाळ वक्तृत्वाच्या आशेने आला असेल तर तो निराश होऊनच घरी गेला असेल. कारण त्या निबंधात वक्तृत्व जवळजवळ नव्हतेच, होते ते आकडे, आणि तेही सरकारच्याच दफ्तरांतून उतरून घेतलेले. कोणत्या प्रांतात कोणत्या पिकाखाली किती एकर जमीन आहे, एकरी उतारा काय पडतो आणि बाजारात त्याला भाव काय मिळतो, एवढ्या तीन गोष्टींचा गुणाकार त्यांनी पिकामागून पीक आणि प्रांतामागून प्रांत असा चिकाटीने केला. त्यात मीठ, अफू, कोळसा, गुरेढोरे आणि कारागिरी यांच्या उत्पन्नाची भर घातली. नजरचुकीने काही सुटले असेल म्हणून वर आणखी सढळ हाताने रक्कम वाढविली. आणि अखेर ३४ कोटी पौंडांचा आकडा १७ कोटी माणसांत वाटून दरमाणशी दरसाल २ पौंड, म्हणजे त्या वेळच्या हुंडणावळीने २० रुपये, एवढी प्राप्ती ठरविली.

परंतु २० रुपये हा आकडा एकटा पाहिला तर मुका आहे. इंग्लंडातील प्राप्तीशेजारी तो ठेवावा, तर हिंदुस्थान हा उष्ण देश, येथल्या माणसाला ना शेगडीचा कोळसा लागतो ना लोकरीचे कपडे, तेव्हा त्याच्या गरजाच थोड्या, हे उत्तर राज्यकर्त्यांच्या ओठांवर तयार असावयाचे. म्हणून दादाभाईंनी निराळाच गज शोधून काढला, आणि त्यासाठी त्यांना सरकारी दफ्तराबाहेर पाऊल टाकावे लागले नाही. तुरुंगखात्याचे अहवाल प्रांतोप्रांती दरसाल निघत, आणि दर कैद्यामागे अन्नास किती व वस्त्रास किती खर्च आला हे त्यांत काटेकोरपणे नोंदलेले असे. हा शिधा कैदी जगावा आणि त्याच्याकडून काम घेता यावे, इतक्याच बेताने मोजलेला. त्यात सणवार नाही, लग्नकार्य नाही, मर्तिकाचा खर्च नाही, धर्मकृत्य नाही, अवर्षणाच्या सालासाठी गाठीला काही बांधून ठेवणे नाही. या शिध्याच्या खर्चाशेजारी त्यांनी रयतेची दरमाणशी प्राप्ती मांडली आणि असे दाखवून दिले, की गुन्हा करून गजांआड गेलेल्या माणसाला सरकार जे देते, तेवढेही गुन्हा न केलेल्या माणसाच्या वाट्याला सरासरीने येत नाही. शिवाय या सरासरीत धनिकांचे आणि बड्या अंमलदारांचे वाटेही मिसळलेले, तेव्हा खऱ्या गरिबाचा वाटा त्याहूनही कमी, ही पुस्ती त्यांनी जोडलीच.

देशोदेशींच्या माणसांचे बरेवाईट आकड्यांनी मोजण्याच्या शास्त्राचा इतिहास पाश्चात्त्य ग्रंथांत बहुधा दुसरीकडूनच आरंभिलेला असतो. पण उत्पन्नाचा आकडा स्वतः काही बोलत नाही, त्याच्या शेजारी माणसाच्या जगण्याची एखादी ठरलेली पातळी ठेवावी तेव्हाच तो बोलू लागतो, ही गोष्ट इतक्या स्वच्छपणे आणि इतक्या लवकर ध्यानात घेणारा दुसरा कोणी माझ्या पाहण्यात नाही.

येथे एका बारकाव्यापाशी थोडे थांबावेसे वाटते. मध्य प्रांताच्या सरकारी अहवालात एकरी उताऱ्याची सरासरी काढावयाची रीत अशी होती, की निरनिराळ्या जिल्ह्यांचे उतारे घ्यावयाचे, त्यांची बेरीज करावयाची आणि जिल्ह्यांच्या संख्येने तिला भागावयाचे. मग एका जिल्ह्यात भाताखाली मूठभर जमीन असो आणि दुसऱ्यात शिवारेच्या शिवारे असोत, सरासरीच्या दरबारात दोघांचा मान सारखाच. जमिनीच्या प्रमाणात वजन दिल्यावाचून काढलेली ही सरासरी खोटी आहे, हे दादाभाईंनी उदाहरणे देऊन सिद्ध केले. तरुणपणी एल्फिन्स्टन विद्यालयात ते गणिताचे अध्यापक होते, हे येथे आठवावे. अशी चूक शाळकरी पोराने केली तर त्याला बाकावर उभे करीत, आय. सी. एस. अंमलदाराने केली तर ती ब्लू बुकात छापून विलायतेस जाई.

पुढे सरकारनेही आपले आकडे काढले. १८८२ साली बेअरिंग आणि बार्बर यांनी दरमाणशी २७ रुपये ठरविले, आणि १९०१ साली खुद्द लॉर्ड कर्झन यांनी ते ३० वर नेले, त्यावरून देशाची भरभराट होत असल्याचा निर्वाळाही दिला. मात्र दरम्यानच्या काळात रुपयाची हुंडणावळ दोन शिलिंगांवरून एक शिलिंग चार पेन्सांवर उतरली होती, आणि या दराने ३० रुपयांचे पौंड करून पाहिले तर ते बरोबर दोन भरतात. म्हणजे पंचवीस वर्षांपूर्वी दादाभाई जेथे थांबले होते, तेथेच व्हाइसरॉयसाहेब येऊन पोहोचले होते.

एखाद्या राष्ट्राची सगळी मिळकत एका बेरजेत आणण्याची कल्पना अर्थातच याहून जुनी आहे, आणि तिचा उगम करवसुलीत आहे. आपल्याकडील जुन्या दफ्तरांत खानेसुमारीचे कागद सापडतात, घरे मोजलेली, नांगर मोजलेले. परंतु मोजणाऱ्याला घरातल्या माणसाच्या सुखदुःखाशी कर्तव्य नव्हते, घरपट्टी कोठे बसेल एवढेच त्याला पाहावयाचे होते. इंग्लंडात याच वृत्तीचा पुरुष म्हणजे सर विल्यम पेटी. कापडवाल्याचा हा मुलगा वैद्यक शिकला, क्रॉमवेलच्या अमलात आयर्लंडची जप्त झालेली जमीन मोजण्याचे कंत्राट घेऊन श्रीमंत झाला, आणि १६६५ साली हॉलंडशी युद्ध चालू असता त्याचा खर्च कोणावर किती बसवावा हे ठरविण्यासाठी त्याने देशाच्या उत्पन्नाचा अंदाज बांधला: लोक ६० लाख, वार्षिक प्राप्ती ४ कोटी पौंड, त्यांपैकी दीड कोटी मालमत्तेची आणि अडीच कोटी श्रमाची. निष्कर्ष उघडच होता. मालमत्तेवरच सगळा भार का घालावा, मजुराच्या श्रमावरही कर बसला पाहिजे. राष्ट्रीय उत्पन्नाच्या गणिताचा जन्म हा असा, युद्धाच्या तजविजीतून आणि मजुराच्या खिशाकडे पाहत झाला आहे.

तथापि सुख हा शब्द या हिशेबात आणणारा एक जमीनदार त्याच बेटावर पुढे शंभर-सव्वाशे वर्षांनी निघाला. स्कॉटलंडच्या सर जॉन सिंक्लेअर यांनी १७९० साली आपल्या देशातील नऊशेहून अधिक गावगाड्यांच्या धर्मोपदेशकांकडे दीडशेहून अधिक प्रश्नांची यादी धाडली: गावची हवा कशी, रोग कोणते, लग्ने किती, जन्म-मृत्यू किती, मजुरी काय, शाळा आहे की नाही, दारूची दुकाने किती. उपदेशक मंडळी आळसावली. सिंक्लेअर यांनी तगाद्यावर तगादे लावले. आणि नऊ वर्षांत त्या वृत्तांताचे २१ खंड बाहेर पडले. ज्या ‘स्टॅटिस्टिक्स’ शब्दाने आज आपण या शास्त्राला ओळखतो, तो इंग्रजीत रुळविला त्यांनीच. जर्मनीतून त्यांनी तो उचलला, तेथे त्याचा अर्थ राज्याचे बलाबल असा होता. सिंक्लेअर यांनी तो बदलला आणि सांगितले, की आपल्याला राज्याची ताकद मोजावयाची नसून रहिवाशांच्या वाट्याला सुख किती आले आहे आणि ते पुढे कसे वाढेल, हे मोजावयाचे आहे. शब्द टिकला, त्याची ही व्याख्या मात्र कोणी फारशी पाळली नाही. आणि न्यायासाठी हेही नोंदले पाहिजे, की सुखाची चौकशी करणारा हाच गृहस्थ शेतीसुधारणेच्या उत्साहात उत्तरेकडे मेंढवाडे वाढविण्याचा मोठा पुरस्कर्ता होता, आणि त्या मेंढ्यांपायी पुढे कित्येक कुळांना घरेदारे सोडावी लागली.

आता पुन्हा मुंबईस येऊ. १९२१ साली मुंबई सरकारने कामगारांची माहिती गोळा करण्यासाठी लेबर ऑफिस नावाचे दफ्तर उघडले, आणि त्याचे प्रमुख फिंडले शिरास यांनी कामगारवर्गातील सुमारे अडीच हजार कुटुंबांचे जमाखर्च तपासून १९२३ साली अहवाल प्रसिद्ध केला. कुटुंबाच्या मिळकतीतला निम्म्याहून अधिक पैसा अन्नात जातो, हे त्यात निघालेच. पण वाचणाऱ्याला थबकविणारे वाक्य निराळे होते. मुंबईचा कामगार दुष्काळ-संहितेने मंजूर केलेल्या कमाल प्रमाणाइतके धान्य खातो, परंतु मुंबई इलाख्याच्या तुरुंग-नियमावलीत कैद्याला जे अन्न लिहून दिले आहे त्याहून त्याचे खाणे कमी भरते, असे त्या सरकारी अहवालाने स्वतःच नमूद केले. दादाभाई वारून सहा वर्षे झाली होती, आणि त्यांनी दफ्तरातून उपसून काढलेला कैद्याचा गज आता सरकारी कारकुनांच्याच हाती आला होता.

त्याच सुमाराच्या आणखी एका आकड्याची हकीकत सांगितल्यावाचून राहवत नाही. १९२१ साली मुंबई शहरात जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी सहाशेहून अधिक बालके वर्षाच्या आत दगावली, असे नोंदींवरून दिसे. एकाच खोलीत राहणाऱ्यांत तर हे प्रमाण आठशेच्याही वर गेले होते. आकडा इतका भयंकर की खोटा वाटावा, आणि काही अंशी तो खोटा होताही. कारण गिरणगावातील बायका बाळंतपणासाठी कोकणात वा घाटावर गावी जात, जन्माची नोंद तिकडे होई किंवा मुळीच होत नसे. मग दोन-चार महिन्यांचे मूल घेऊन आई चाळीत परत येई आणि ते दगावले म्हणजे मृत्यूची नोंद मात्र मुंबईच्या खात्यात पडे. भाज्य मुंबईचे आणि भाजक माहेरचा, असा हा भागाकार! तरीसुद्धा ही सारी वजावट करूनही जे उरत होते, ते कोणत्याही सुधारलेल्या म्हणविणाऱ्या शहराने मान खाली घालावी असेच होते. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. तिचा संबंध पुढे येणार आहे.

दोन महायुद्धांमधील मंदीने या शास्त्राला निराळे वळण दिले. अमेरिकेच्या सिनेटने देशाची मिळकत किती बुडाली ते मोजावयास सांगितले, आणि सायमन कुझनेट्स यांनी जानेवारी १९३४ मध्ये जो अहवाल सादर केला त्याने १९२९ ते १९३२ या तीन वर्षांत ती सुमारे निम्म्यावर आल्याचे दाखविले. राष्ट्रीय उत्पन्नाच्या आधुनिक गणिताचा हा अव्वल दर्जाचा दस्तऐवज. आणि राष्ट्राच्या उत्पन्नावरून त्याच्या कल्याणाचे अनुमान करणे जवळजवळ अशक्य आहे, असा इशारा त्याच्याच पानांत आहे. शस्त्रास्त्रे, जाहिराती, सट्टेबाजी यांवरचा खर्च सुखाच्या हिशेबातून वगळावा, असे कुझनेट्स यांचे मत होते. पण मग दुसरे महायुद्ध आले; सैन्यासाठी किती काढता येईल हे कळण्यासाठी लंडनला आणि वॉशिंग्टनला हिशेब हवा होता, तोफा वगळून चालणार नव्हते; आणि पेटीच्या वेळेप्रमाणेच युद्धाच्या तजविजीत घडलेला साचा १९५३ साली संयुक्त राष्ट्रसंघाच्या शिक्क्यानिशी सर्व देशांना लागू झाला. आपल्या सरकारने १९४९ साली नेमलेल्या राष्ट्रीय उत्पन्न समितीत महालनोबिस अध्यक्ष, पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ आणि व्ही. के. आर. व्ही. राव हे सभासद, आणि सल्लागारांत स्वतः कुझनेट्स होते. १९४८-४९ सालासाठी समितीने पहिल्या अहवालात दरमाणशी २५५ रुपये काढले.

१९५४ साली संयुक्त राष्ट्रसंघाच्या तज्ज्ञमंडळाने राहणीच्या पातळीची बारा अंगे सांगितली: आरोग्य, आहार, शिक्षण, कामधंद्याची परिस्थिती, घरे, वस्त्रे, इतकेच काय मानवी स्वातंत्र्यही, आणि या सर्वांची एकच बेरीज करण्याच्या भरीस पडू नये, असे बजावले. सल्ला शहाणपणाचा होता आणि म्हणूनच तो निष्फळ ठरला. बारा आकड्यांपुढे मंत्री जांभई देतो. एक आकडा असला म्हणजे तो सावरून बसतो.

गोखले संस्थेच्याच वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातील दारिद्र्यावरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा दादाभाईंचा गज पुण्यास नव्या रूपात अवतरला. दरमाणशी रोज २,२५० कॅलरी देणारे अन्न ज्या खर्चाच्या पातळीवर मिळते ती पातळी त्यांनी पाहण्यांतून शोधली. १९६०-६१ च्या भावांनी खेड्यात ती वर्षाला १८० रुपये आणि शहरात २७० रुपये निघाली, आणि खेड्यांतील सुमारे चाळीस टक्के लोक तिच्याखाली सापडले. कैद्याचे नाव गेले, कॅलरीचे आले. मला स्वतःला जुना गज अधिक प्रामाणिक वाटतो, कारण त्याला तोंड होते. सरकार तुरुंगात जे पुरविते ते बाहेर का मिळू नये, हा प्रश्न तो उठल्याबसल्या विचारीत असे, आणि कॅलरी असे काही विचारीत नाही.

यानंतरचा पुरुष मॉरिस डेव्हिड मॉरिस. या अमेरिकन इतिहासकाराने १९६५ साली मुंबईच्या कापड-गिरण्यांतील कामगारवर्ग कसा घडला, यावर एक ग्रंथ लिहिला होता. गिरणगाव, जॉबर, बदली कामगार, गावाकडे जाणे-येणे, हा त्याच्या अभ्यासाचा मुलूख. आणि हाच गृहस्थ पुढे वॉशिंग्टनमध्ये बसून जगातील सर्व देशांसाठी जीवनाच्या भौतिक गुणवत्तेचा निर्देशांक तयार करतो, हा योगायोग आपल्याकडे फारसा कोणाच्या लक्षात आलेला दिसत नाही. त्याने तीनच गोष्टी घेतल्या: बालमृत्यूचे प्रमाण, एक वर्ष पुरे केलेल्या मुलाची अपेक्षित आयुर्मर्यादा, आणि साक्षरता. पैसा मुळीच घेतला नाही. प्रत्येकीला शून्य ते शंभर गुण द्यावयाचे आणि तिन्हींची साधी सरासरी काढावयाची. यात कळीचा प्रश्न शून्य कोठे धरावयाचे हा. बालमृत्यूच्या बाबतीत हजारी २२९ म्हणजे शून्य आणि हजारी ७ म्हणजे शंभर, असे त्याने ठरविले. वर सांगितलेला १९२१ च्या मुंबईचा आकडा या पट्टीवर ठेवू गेलो तर तो शून्याच्याही पुष्कळ खाली घसरून पट्टीबाहेर पडतो.

१९७९ साली मॉरिसचे पुस्तक निघाले तेव्हा दिसले ते असे, की तेलाच्या पैशाने गबर झालेली काही राज्ये या पट्टीवर खाली बसतात आणि गरीब श्रीलंका व आपल्याकडील केरळ फार वर चढतात. टीकाकारांनी आक्षेप घेतले, की तिन्ही अंगांना सारखेच वजन का, अन्य अंगे का सोडली, बालमृत्यू आणि आयुर्मान ही एकाच गोष्टीची दोन नावे नव्हेत काय. आक्षेप खोटे नाहीत. पण तान्ह्या मुलाचे जगणे ही अशी वस्तू आहे, की तिची सरासरी धनिक एकटा फुगवू शकत नाही. कोट्यधीशाच्या घरातही मूल एकदाच जगते. उत्पन्नाच्या सरासरीविषयी दादाभाईंची जी तक्रार होती, तिचे इतके साधे निवारण दुसऱ्या कोणत्या आकड्याने केल्याचे मला आठवत नाही.

त्याच १९७९ सालच्या सप्टेंबरात हवाना येथील अलिप्त राष्ट्रांच्या परिषदेहून परतताना भूतानचे तेविशीतले राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक मुंबईच्या विमानतळावर थांबले असता एका भारतीय पत्रकाराने त्यांना त्यांच्या देशाच्या राष्ट्रीय उत्पादनाविषयी विचारले, आणि राजांनी उत्तर दिले की आम्हांला राष्ट्रीय सुखाचे महत्त्व अधिक वाटते, असे भूतानचे अभ्यासक सांगतात. विमानतळावरचे ते उत्तर पुढे तीस वर्षांनी नऊ क्षेत्रे आणि तेहेतीस निर्देशक असलेल्या पाहणीत परिणत झाले. झोप, शेजाऱ्यांचा विश्वास, मनाची स्थिती, परंपरागत कलाकौशल्य, सारे त्यात मोजतात. त्यातील एक युक्ती मला विशेष आवडते: प्रत्येक अंगाला ‘पुरेसे’ या शब्दाची एक रेघ आखलेली असते, आणि त्या रेघेपलीकडे माणसाने कितीही मिळविले तरी जादा गुण मिळत नाहीत. दादाभाईंच्या कैद्याने हिशेबाला खालची रेघ दिली होती, भूतानने वरची दिली. मात्र नव्वदीच्या आसपास नेपाळी वंशाच्या हजारो लोकांना तो देश सोडून निर्वासितांच्या छावण्यांत राहावे लागले, आणि गेलेल्या माणसांचे सुख कोणत्याच पाहणीत मोजले जात नाही, हेही त्या सुंदर तक्त्याशेजारी लिहून ठेवावे.

राहता राहिला महबूब उल हक. जम्मूत जन्मलेला आणि केंब्रिजला अमर्त्य सेन यांचा सहाध्यायी असलेला हा अर्थशास्त्रज्ञ साठीच्या दशकात पाकिस्तानच्या योजना-खात्यात उत्पन्नवाढीचे तक्ते मांडीत होता; ते तक्ते उत्तम दिसत असतानाच देशातील दोन-तृतीयांश उद्योग बावीस घराण्यांच्या मुठीत गेल्याचे त्यानेच १९६८ साली जाहीरपणे सांगितले. पुढे संयुक्त राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमात आल्यावर त्याने सेन यांना मानव विकासाचा एकच आकडा काढून मागितला. सेन नाखूष होते. माणसाच्या जगण्यासारखी बहुरंगी वस्तू एका आकड्यात कोंबणे त्यांना ओबडधोबड वाटले. हक यांचे म्हणणे असे पडले, की राष्ट्रीय उत्पादनाचा आकडाही तितकाच ओबडधोबड आहे, आणि त्याला हटवावयाचे तर तेवढाच ओबडधोबड पण डोळस आकडा समोर उभा केला पाहिजे. आयुर्मान, साक्षरता आणि उत्पन्न ही तीन अंगे ठरली. उत्पन्नाचे वजन मात्र वर जावे तसतसे घटत जाईल अशी योजना केली. मॉरिसने दाराबाहेर ठेवलेला पैसा येथे पुन्हा घरात आला, हे मला अजून खटकते. आणि शून्य? ते या वेळी त्या त्या वर्षी जगात सर्वांत वाईट स्थितीत असलेल्या देशावर धरले गेले, त्यामुळे पट्टीच दरसाल हलू लागली, आणि १९९४ साली ठराविक सीमा बांधून ती स्थिर करावी लागली.

तो पहिला अहवाल १९९० च्या मे महिन्यात निघाला. त्यात १३० देशांची यादी खालून वर लावलेली होती: पहिला क्रमांक ०.११६ गुणांच्या नायजरचा, एकशे तिसावा ०.९९६ गुणांच्या जपानचा. पुढच्याच वर्षी यादी उलटी करण्यात आली, आणि तेव्हापासून तिच्या आरंभी सर्वांत सुस्थितीतील देशाचे नाव छापले जाते.